अब्बांचा वॉटर पंप

आमच्या बीडच्या घराच्या अंगणात, कडुलिंबाखाली, १९६२ सालची एक फियाट उभी आहे. गेल्या थंडीत तिच्या नाकाखालची जमीन ओली दिसू लागली. बीडच्या माणसाला ओली जमीन दिसली की आधी बरं वाटतं, मग तो विचार करतो. मी बोनेट उघडलं, बॅटरीचा झोत आत टाकला. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. हे भोक कारखान्यानेच ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं आणि मालकाला वेळेत कळावं, एवढ्यासाठी. इंजिनात तक्रार करायला ठेवलेली ही एवढीच जागा, असं अब्बा म्हणत.

श्रोतेहो, मी कवितेतला माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं आणि पुढे शब्दांशीच संसार केला. पण पंप उतरवणं मला वयाच्या सतराव्या वर्षापासून येतं. आज त्या पंपाविषयी बोलायचं आहे, आणि ज्या काळात आमच्यासारखी साधी माणसं अंगणात चादर अंथरून इंजिन उघडत होती, त्या काळाविषयीही. तो काळ काही फार जुना नाही. तरी आता तो समजावून सांगावा लागतो.

माझे दादाजान इथल्या एका जिनिंग प्रेसमध्ये फिटर होते. निजामाचं राज्य होतं. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ साली मोटारगाड्यांची सेवा सुरू केली, अवघ्या २७ गाड्यांनिशी. त्यात स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या बसगाड्या होत्या. दादाजान सांगत, अशी बस गावात आली की ते हातातलं काम टाकून बोनेटजवळ जाऊन उभे राहत. बसमध्ये कोण आलं ते पाहायला नाही, इंजिनाचा आवाज ऐकायला. मराठवाड्यात यंत्र आलं ते असं, जिनिंगच्या आणि बसच्या वाटेने. मग विहिरीवर ऑइल इंजिनं आली. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीला १९४६ साली उभा राहिला, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत खेड्याखेड्यात विहिरीच्या काठावर एक तरी माणूस असा तयार झाला, की जो पाना घेऊन इंजिनाशी बोलू शकतो. आमच्याकडच्या बहुतेक मिस्त्र्यांची शाळा हीच. आयटीआय नंतर आली.

बीड शहराला रेल्वे नव्हती. अहिल्यानगरहून इथवर पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. आम्ही पोरं होतो तेव्हापासून तिची वाट पाहत होतो, आता केस पांढरे झाले. तोवर जे काही होतं ते रस्त्यावर होतं. आणि या रस्त्यांपैकी कितीतरी १९७२ च्या दुष्काळात माणसांनी खडी फोडून केलेले. अब्बा त्या दिवसांत एका जिनिंगवाल्या शेठजींकडे ड्रायव्हर होते. ते सांगत, त्या साली रेडिएटरमध्ये पाणी ओतताना मान वर करायची लाज वाटे. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बाया त्या पाण्याकडे बघत असत. म्हणून ते घरून पाणी नेत आणि एखादं वळण पाहून, कुणी नसेल तिथं गाडी थांबवून ओतत.

आता ही फियाट आली कुठून, ते सांगतो. या देशात मोटारी जोडायचं काम परदेशी कंपन्यांनी आधीच सुरू केलं होतं. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली कारखाना घातला. पण ते खोक्यातून आलेले भाग जोडणं होतं. गाडी इथं बनावी, हा ध्यास घेतला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. हा माणूस आमच्या शेजारचाच म्हणायचा. ठेकेदारीचं पहिलं काम त्यांनी केलं ते बार्शी लाइट रेल्वेचं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्याची योजना तयार केली होती, आणि मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने तिला हात द्यायचं कबूलही केलं होतं. पण १९३९ साली मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. वालचंद अमेरिकेत जाऊन आले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. मध्ये महायुद्ध, इंग्रज सरकारची नाखुशी. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्या आधी अमेरिकन घाटाच्या, डॉज वगैरे. फियाट आली ती पन्नाशीच्या दशकात. १९५३ साली सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवलं, की जी कंपनी हळूहळू सगळे भाग इथंच बनवण्याचा कार्यक्रम देईल तिलाच इथं राहता येईल. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. उरल्या त्यात कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. त्या वेळी इटलीत फियाटने ११०० ही नवी गाडी नुकतीच आणली होती. गोल पाठीची, गोल नाकाची, पुढची दारं उलटी उघडणारी.

या गोल नाकामुळे मुंबईपासून बीडपर्यंत तिला नाव पडलं, ‘डुक्कर फियाट’. आता तुम्हीच विचार करा, ज्या घरात त्या प्राण्याचं नाव घेतल्यावर दादी चूळ भरायची, त्या घराच्या दारात ही गाडी उभी राहिली. गल्लीतली पोरं आरोळी ठोकायची, ‘डुक्कर आलं, डुक्कर आलं!’ अब्बा हसायचे. अम्मी मात्र शेवटपर्यंत तिला ‘गोल गाडी’ म्हणत राहिली. पुढे १९६४ नंतर चौकोनी फियाट आली, १९७२ साली इटलीशी करार संपल्यावर तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी. मला कवी म्हणून या नावाचं फार अप्रूप. चितोडच्या पद्मिनीची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मलिक मुहम्मद जायसी नावाच्या सूफी कवीने १५४० साली अवधीत लिहिलेल्या ‘पद्मावत’मधून. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या एका मुसलमान कवीने सांगितलेलं नाव सोलापूरच्या जैन उद्योगपतीच्या कारखान्यातून, इटालियन गाडीवर चिकटून, मुंबईचे टॅक्सीवाले फिरवत होते. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मी आपला खूश होतो.

इंजिन मात्र नाव बदललं तरी मुळात तेच. चार सिलिंडर, १०८९ सी.सी., खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचं हेड. ६८ मिलिमीटरचं बोअर, ७५ चा स्ट्रोक. हे माप १९३७ साली इटलीत ठरलं होतं. कुर्ल्याहून शेवटच्या पद्मिन्या निघाल्या त्या २००० च्या आसपास. साठ वर्षांहून जास्त काळ एकच माप! मोटारींचे शौकीन याला मागासलेपण म्हणतील, आणि ते खरंही आहे. स्पर्धा नव्हती, किमतींवर सरकारी नियंत्रण होतं, बाहेरून गाडी येऊ शकत नव्हती. कारखान्याने बदल करावा तरी कशाला? सत्तरच्या दशकात सगळ्या देशात मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी बनत. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी बारा हजारांची फियाट घेतली तीही बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढून, आणि त्यांच्या मागे ललिताबाईंनी ते पेन्शनीतून फेडलं, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

पण या मागासलेपणाची दुसरी बाजू आमच्या अंगणात होती. साठ वर्षं इंजिन तेच राहिलं म्हणून एकदा शिकलेला माणूस जन्मभर शिकलेला राहिला. बापाने जो पाना लावला तोच मुलाच्या हातात बसला. मुंबईच्या टॅक्सीचा पंप बीडच्या गाडीला बसत होता. नवी गाडी मिळत नाही, म्हणून जुनी मरू द्यायची नाही, हा त्या काळाचा कायदाच होता. आमच्या शेठजींची नवी पद्मिनी आली तेव्हा जुनी गोल गाडी अब्बांनी साडेसहा हजारांना घेतली, पगारातून चार वर्षं कापून द्यायच्या बोलीवर. ते साल १९८३. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीजवळ मारुतीची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली, आणि आमच्या गोल गाडीचं युग संपायला सुरुवात झाली. आम्हाला ते माहीत नव्हतं. आमचं युग तर आत्ताच सुरू झालं होतं.

ती गाडी आमची एकट्याची कधीच नव्हती. मोहल्ल्यातली लग्नं, गल्लीतल्या मारवाड्याची आजी, पाटोद्याहून साप चावलेला पोरगा, परीक्षेला उशीर झालेल्या पोरी, सगळे तिच्यात बसून गेलेले. अब्बा पेट्रोलचे पैसे घेत, बाकी काही घेत नसत. आणि शुक्रवारी नमाजानंतर गाडी उघडत. टॅपेट सेट करणं, प्लग साफ करणं, पॉइंटला कानस मारणं. पेट्रोलची टाकी पाझरली तर साबणाची वडी घासायची. रेडिएटरला बारीक चीर गेली तर त्यात चमचाभर हळद टाकायची. गरम पाण्यात हळद फुगते आणि चिरेत जाऊन बसते. अम्मी डबा लपवून ठेवायची.

या सगळ्यात वॉटर पंप हा जिवाचा भाग. इंजिनात पेट्रोल जळतं, त्यातली मोठी आच नुसती वाया जाते. ती काढून न्यायला ब्लॉकच्या आत पाणी खेळवलेलं असतं. पूर्वीच्या काही गाड्यांना पंप नसेच. फोर्डच्या त्या प्रसिद्ध टी मॉडेलमध्ये गरम पाणी आपोआप वर चढायचं, गार झालेलं खाली यायचं, तेवढ्यावर भागे. फियाटला पंप आहे. पट्टा पुलीला फिरवतो, पुलीवर पुढे पंखा आणि त्याच दांड्याच्या आतल्या टोकाला छोटी पाती, म्हणजे इम्पेलर. पंखा हवा ओढतो, पाती पाणी ढकलते. मध्ये एक सील, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. झिजतं ते बहुधा सील आणि बेअरिंग.

१९८६ च्या पावसाळ्यात आमच्या पंपाचं सील गेलं. अब्बांनी ओळखीच्या एकाकडून मोठ्या शहरातून नवा पंप मागवला. डबा अगदी कंपनीचा दिसत होता, छपाई थोडी फिकी. किंमत अर्धी. या डुप्लिकेट मालाचाही एक इतिहास आहे आणि तो वर सांगितलेल्या टंचाईच्याच पोटी जन्मलेला. बाहेरून भाग आणायला बंदी, इथले अस्सल भाग कमी आणि महाग, आणि गाड्या तर वर्षानुवर्षं मरायला तयार नाहीत. मग गल्लीबोळात ओतकाम करणारे उभे राहिले. त्यातले काही इतके चांगले कारागीर की त्यांचा माल अस्सलाहून टिके. काहींना फक्त डबा चांगला छापता येत होता. गिऱ्हाइकाला दोघांतला फरक कळायला मार्ग एकच, गाडीत बसवून बघणं. आम्ही बसवला. आठवड्याच्या आत दुसरीच कामं आली आणि आम्ही त्याला विसरून गेलो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात माझी आपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दुसऱ्या दिवशीही कळा थांबेनात, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला न्या, आता वेळ घालवू नका. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. मागच्या सीटवर आपा आणि अम्मी, पुढे अब्बा आणि मी. पाली मागे पडली आणि मांजरसुंब्याचा घाट लागला. बालाघाटाचा हा चढ आज मोठ्या रस्त्यावरून कळतही नाही. तेव्हा कळायचा. अर्ध्या चढावर बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

अब्बांनी गाडी कडेला घेतली, दगड लावला. बोनेट उघडलं. पट्टा शाबूत, पंखा फिरतोय, भोकातून एक थेंब गळत नाही. आणि रेडिएटर उकळतोय. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा गोंधळ आधी कधी पाहिला नव्हता. सगळं नीट असताना पाणी का उकळावं? फडकं टाकून त्यांनी टोपण अर्धं फिरवलं, निम्मं पाणी उडून गेलं. आमच्याजवळ एक पाच लिटरचा डबा.

तेवढ्यात वरून एक ट्रक उतरत आला. ऊसतोडीची टोळी. दिवाळी झाली की आमचा निम्मा जिल्हा असा निघतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, ट्रकमध्ये पत्रे, चुली, शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे आणि गोधडीत गुंडाळलेली लेकरं. मुकादम उतरला. काय झालं ते पाहून त्याने ट्रकमध्ये हाक दिली आणि बायांनी दोन घागरी खाली दिल्या. ते त्यांचं वाटेचं प्यायचं पाणी होतं. एक म्हातारी न सांगता आमच्या गाडीत शिरली आणि आपाची कंबर दाबत बसली.

पाणी आलं, पण अब्बा ओतेनात. मी ओरडलो, ‘अब्बा, डालो ना पानी!’ ते म्हणाले, ‘थंडा होने दे. हेड फट जाएगा.’ तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर धातू तडकतो. हे आज मी शांतपणे सांगतोय. तेव्हा मागून आपाचा आवाज येत होता आणि माझा बाप बोनेटवर हात ठेवून, डोळे मिटून उभा होता. मुकादमाला राहवलं नाही. ‘चाचा, पोरीकडं बघा. गाडीचं काय घेऊन बसलात?’ अब्बा म्हणाले, ‘मुकादम, गाडी फुटली तर पोरगी इथंच राहील.’

अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात वर जाणारं एकही वाहन आलं नाही. मग अब्बांनी इंजिन चालू करून, तांब्या-तांब्याने पाणी सोडलं. ट्रक गेला. आम्ही जेमतेम किलोमीटर जायचो, थांबायचो, पुन्हा तांब्या-तांब्या. मांजरसुंब्याला पोचलो तेव्हा एक जीप मिळाली. आपाला, अम्मीला आणि मला त्यात बसवून अब्बा मागे राहिले. नेकनूर, केज करत आम्ही रात्री अंबाजोगाईला पोचलो. पहाटे अब्बा गाडी घेऊन आले. आपा वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगा होता.

डॉक्टरांनी अब्बांना बाजूला घेऊन सांगितलं, की बाळ घरून निघण्याआधीच गेलेलं होतं, वाटेतल्या उशिराने काही झालं नाही. अब्बांनी मान हलवली. त्यांनी ते मानलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

आठव्या दिवशी, शुक्रवार नसताना, त्यांनी पंप उतरवला. मला हाताशी घेतलं. आधी रेडिएटरच्या तळाची चावी उघडून पाणी बादलीत धरलं. आमच्याकडे ते सांडत नाहीत. डायनमोचा बोल्ट सैल करून पट्टा काढला. रेडिएटर उतरवला, पंखा काढला, मग पंपाचे बोल्ट. चिकटून बसलेल्या पंपाला लाकडी हातोडीने दोन बाजूंनी हलके ठोके. हातात आल्यावर त्यांनी पुली एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने आतली पाती फिरवली. ती सहज फिरली. दांडा जागचा हलला नाही. पाती दांड्यावर घट्ट ठोकून बसवलेली असते. इथं दांडाच मऊ लोखंडाचा, माप कमी, आणि पाती सैल झालेली. बाहेरून पट्टा फिरत होता, पंखा फिरत होता, पुली फिरत होती. आत काहीच फिरत नव्हतं. गळती होती कुठे म्हणून भोक बोलणार?

अब्बांनी तो पंप फेकला नाही, कुणाला शिवी दिली नाही. घरात डालडाच्या डब्यात, रॉकेलमध्ये, आमचा मूळचा जुना पंप पडून होता. तो काढला आणि मला घेऊन लेथवाल्या मामूंकडे गेले. मामूंचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक जुना लेथ आणि भिंतीवर दिनदर्शिका. जिनिंगच्या कामावर ते आणि दादाजान एकत्र होते. अब्बांनी काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. मामूंनी विचारलं, ‘बिटिया कैसी है?’ आणि मग कोपऱ्यातून ट्रकचा मोडका हाफ-एक्सल उचलला.

ट्रकच्या एक्सलचं पोलाद चांगल्या जातीचं असतं, पण कापायला जीव काढतं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मामू तो कातत होते. निळसर, तापलेले कात्रे खाली पडायचे, मी ते टिनाच्या तुकड्याने गोळा करायचो. बेअरिंग बसेल ते माप, सील बसेल ते माप, पाती बसेल ते माप. कॅलिपर लावायचा, केसभर काढायचं, पुन्हा लावायचा. पाती ठोकून बसवल्यावर अब्बा म्हणाले, ‘मामू, एक पिन.’ कंपनीच्या पंपात अशी पिन नव्हती. मामूंनी पाती आणि दांडा दोहोंतून आरपार भोक पाडलं, त्यात पोलादी पिन मारली आणि दोन्ही टोकं ठोकून पसरली. आता दांडा फिरला की पाती फिरलीच पाहिजे. पैसे विचारले तर मामूंनी हात झटकला.

रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही पॅकिंग कापलं. पंपाच्या तोंडावर जाड पॅकिंग पेपर धरायचा आणि छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत जायचं. धातूची कडच कागद कापते, बोल्टची भोकं आपोआप उमटतात. त्याला दोन्ही बाजूंनी शेलॅक. बोल्ट एकदम कसायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, नाहीतर कान तुटतो. पट्टा अंगठ्याने दाबला की बोटभर दबला पाहिजे, जास्त ताणला तर बेअरिंग जातं. बादलीतलं तेच पाणी फडक्याने गाळून परत भरलं. इंजिन चालू करून अब्बांनी रेडिएटरचं टोपण उघडं ठेवलं आणि मला आत बघायला लावलं. काही वेळ पाणी स्थिर होतं. मग गरम झाल्यावर ते हलायला लागलं, एका बाजूने येऊन दुसरीकडे ओढलं जाताना दिसलं. ‘घूम रहा?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, घूम रहा. त्यांनी पुन्हा विचारलं. असं तीनदा.

आपाला पुढे दोन मुली झाल्या. दोन्ही वेळा त्याच गाडीतून, त्याच घाटातून गेली. तिनेच हट्ट धरला होता.

अब्बा २००४ साली गेले. मामू त्याआधीच. जिथं त्यांची शेड होती तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. कुर्ल्याचा तो कारखानाही राहिला नाही. मुंबईतल्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे भाग कारखाना बंद झाल्यावरही मिळत राहिले. २००३ साली नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, आणि आता भाग शोधायचे तर शौकिनांच्या मागे लागावं लागतं. माझ्या मुलाच्या नव्या गाडीचं बोनेट उघडलं की प्लास्टिकचं एक झाकण दिसतं. त्याखाली काय चाललंय ते संगणक लावल्यावर कळतं. गाडी चांगली आहे, घाटात तापत नाही, उगीच नावं ठेवणार नाही. घाटात जिवाचा माणूस घेऊन उभं राहायची वेळ कुणावर न आलेली बरी.

तर गेल्या थंडीत पंप गळू लागला, तिथून मी सुरुवात केली होती. त्याच सुमारास मुलगा म्हणाला, अब्बा, गाडीचे कागद नीट करून घेऊ. २०२१ पासून नियम आहे, पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला चालते. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मुलगा मोबाइलवर वाचून दाखवत होता. मी विचारलं, पंपाच्या दांड्याला मारलेली पिन फेरफारात येते का रे? तो म्हणाला, ते कुठे दिसणार आहे कुणाला.

मी पंप उतरवला. कंबर दुखते आता, म्हणून तो हाताशी होता. बेअरिंग खडखडत होतं, सील झिजून कागदासारखं झालेलं. दांडा कापडाने पुसून उजेडात धरला. सील जिथं घासतं तिथं एक बारीक चकाकणारी रेघ, बाकी जसाच्या तसा. पिनेची दोन्ही टोकं मामूंनी ठोकली तशीच. मी पुली धरली आणि मुलाला सांगितलं, पाती फिरवून बघ. त्याने जोर लावला. हलली नाही.

बेअरिंग आणि सील नवं घातलं. दांडा तोच ठेवला. शेलॅक हल्ली दुकानात सहज मिळत नाही, ट्यूबमधलं सीलंट लावलं. पॅकिंग मात्र ठोकूनच कापलं. मुलाला ते एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. बादलीतलं पाणी गाळून भरलं आणि टोपण उघडं ठेवून दोघंही आत बघत उभे राहिलो. बराच वेळ पाणी स्थिर होतं.